लॅपटॉप प्रवासात, प्रत घरात

दिवाळीची सुट्टी संपली की सातारा-सांगलीच्या एस.टी. स्टँडवर पुण्या-मुंबईकडे निघालेली आपली मुले-मुली दिसतात. हातात चिवडा-चकलीची पिशवी, पाठीवर लॅपटॉपची सॅक. तो लॅपटॉप कुणाच्या आईने बचत गटाचे कर्ज काढून घेतलेला, कुणाच्या वडिलांनी बोनसमधून. हप्ते अजून फिटायचे असतात. म्हणून या आठवड्यात आम्ही चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

लॅपटॉप चोरीला गेला तर पोटाला चिमटा घेऊन दुसरा घेता येईल. पण त्यातला दोन वर्षांचा प्रकल्प, प्रबंधाची प्रकरणे कुठून आणणार?

हे दुःख परमपूज्य बाबासाहेबांनी भोगले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेला हा विद्यार्थी पुढे न्यूयॉर्क, लंडनपर्यंत पोहोचला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते स्वतः एका बोटीने आले, पोटाला मारून जमवलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, पुस्तके गेली ती गेलीच. तरीही १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

बाबासाहेबांच्या वेळी प्रत काढणे सोपे नव्हते. आज ते अर्ध्या तासाचे काम आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सगळे काम पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती घरच्या कपाटात ठेवा. त्याच सॅकमध्ये ठेवली तर चोर दोन्ही नेईल. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हसारख्या जागी इंटरनेटवर ठेवा. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरातले कागद कसे भिजतात ते त्यांनी पाहिले आहे. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्याही प्रती अशाच ठेवा.

नुसता पासवर्ड पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतले सगळे वाचता येते. त्यासाठी विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही सोय आहे. मुलांनी ती चालू आहे का ते पाहावे. तिची ‘रिकव्हरी की’ घरच्या वहीत लिहून ठेवा. ती हरवली तर मालकालाही आपलेच कुलूप उघडत नाही.

गाडीत सॅक डिकीत किंवा वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री जाताना ती उशाखाली असावी. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच भरा. पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी घाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना तो घरीच ठेवलेला बरा. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका.

खरेदीचे बिल आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर यांचा फोटो घरच्या मोबाइलमध्ये असू द्या. चोरी झालीच तर प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून ई-मेलचा पासवर्ड बदला. रेल्वेत असाल तर १३९ वर फोन करा. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा. आणि पोलीस ठाण्यात जाताना बिचकू नका. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून कुणी परत पाठवू लागले तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. चोरी कराडजवळ झाली आणि तुम्ही पुण्यात उतरलात, तरी फिर्याद पुण्यात देता येईल. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आमच्या माता-भगिनींना एकच विनंती. लेकरू निघताना “डबा घेतलास का?” असे आपण विचारतोच. त्याबरोबर “प्रत काढलीस का?” हेही विचारा. त्यासाठी संगणक यायलाच हवा असे नाही.

जयभीम!