सारे जग गडावर, मी एकटीच खाली

परवा आपल्या सभागृहात एका वक्त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना बजावले, "मोबाईल बाजूला ठेवा, मन आपोआप निरोगी होईल." टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होते, आणि दाराबाहेर पडताच माझा हात गेला तो मोबाईलकडेच! रोग खरा आहे, पण निदान कुठेतरी चुकते आहे, असे मला वाटते.

फेसबुकचा जन्म महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतच झाला, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. फेब्रुवारी २००४ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले आणि मग एकेका महाविद्यालयाला क्रमाक्रमाने खुले होत गेले. हा क्रमच पुढे अभ्यासकांच्या कामी आला. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या आरोग्य-पाहणीतील त्या काळचे आकडे घेतले आणि जिथे फेसबुक पोहोचले होते व जिथे अजून पोहोचायचे होते, अशा महाविद्यालयांची तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले. आणि त्याचे मुख्य कारण, इतरांशी होणारी तुलना. गंमत पाहा, आपले सोबती किती मद्य घेतात याविषयीचा विद्यार्थ्यांचा अंदाज बदलला, त्यांचे स्वतःचे पिणे मात्र तेवढेच राहिले!

आणि तेव्हा ना खिशात आजच्यासारखा मोबाईल होता, ना 'लाईक'चे बटण. ते बटण आले २००९ मध्ये. मग सारा दोष त्या बिचाऱ्या यंत्रावर कसा टाकायचा?

वेळ कमी केल्याने काहीच साधत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तीन आठवडे या माध्यमांचा वापर रोज अर्ध्या तासाच्या आसपास ठेवला, त्यांचा एकटेपणा व खिन्नता कमी झाली. तरीही आमच्या गुरुजनांनी आम्हाला "किती तास पाहता?" एवढेच विचारू नये. "काय पाहून खट्टू होता?" हेही विचारावे.

माझे उत्तर सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गाची सहल सिंहगडावर गेली. त्या महिन्यात वर्गणी भरणे मला शक्य नव्हते. मैत्रिणींना मात्र "डोके दुखते" असे सांगितले. रात्री वसतिगृहात पडल्या पडल्या एकामागून एक छायाचित्रे पाहत राहिले. धुके, पिठले-भाकरी, मडक्यातले दही आणि हसरे चेहरे! सारे जग गडावर आहे आणि मी एकटीच खाली, असे वाटून उशी ओली झाली.

चार दिवसांनी कळले की, ज्या मैत्रिणीचे छायाचित्र मला सर्वांत अधिक झोंबले होते, ती परतताना बसमध्ये रडत होती. वडिलांची नोकरी गेल्याचा घरून फोन तिला गडावरच आला होता. "मग संध्याकाळी तो हसरा फोटो कशाला टाकलास?" मी न राहवून विचारले.

"सगळ्यांनी टाकले होते गं. माझाच नसता तर काय झालं म्हणून विचारलं असतं."

मी काय बोलणार? त्या छायाचित्रावर मीही लाल बदाम उमटवला होता.