दुसरा ग्लास मागवला का?

मित्रांनो, आजचा विषय बघून काही जणांच्या भुवया वर जातील. धंदा शिकायला आलो आणि सर बिअरबद्दल बोलतायत? हो, बिअरच. तुम्ही पीत नसाल तर अजिबात सुरू करू नका, आणि महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात हे लक्षात ठेवा. पण चिवडा, मसाला, सरबत, केक असं खाण्यापिण्याचं काहीही बनवून विकायचा विचार असेल, तर ‘सेशन पेल एल’ हा प्रकार समजून घ्या. न पिताही समजतो.

पेल एल म्हणजे फिकट माल्टपासून बनवलेली सोनेरी किंवा तांबूस बिअर. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. कडवटपणा आणि वास येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. अमेरिकेत या प्रकाराला ओळख मिळवून दिली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीने, १९८० पासून. त्यांच्या पेल एलमध्ये अल्कोहोल ५.६ टक्के. सेशन एल त्याहून हलकी, साधारण ४ ते ५ टक्के. गप्पा मारत निवांत बसावं, एक ग्लास संपल्यावर दुसरा घ्यावासा वाटावा, यासाठीच ती बनवलेली असते.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. कडक माल बनवणं सोपं, हलका माल बनवणं अवघड. का? कडक बिअरमध्ये दाट गोडवा आणि अल्कोहोल असतं, त्याखाली बारीकसारीक दोष झाकले जातात. हलक्या बिअरला लपायला जागाच नाही. हॉप्स तेवढेच टाकले तर ती नुसती कडू लागते, कमी केले तर पाणचट. म्हणून कारागीर दोन गोष्टी सांभाळतो. जवाचं पाणी थोडं जास्त तापमानाला ठेवतो, म्हणजे यीस्टला न पचणारी साखर उरते आणि तोंडाला भरीवपणा लागतो. आणि बरेच हॉप्स उकळी संपता संपता टाकतो, म्हणजे कडवटपणा कमी आणि संत्र्या-लिंबासारखा वास जास्त. आपल्याकडे वरून कोथिंबीर का घालतात? तेच लॉजिक.

चाखणारा माणूसही बघण्यासारखा असतो. बिअर बर्फासारखी गार घेत नाही, कारण गारठ्याने जीभ बधिर होते. आधी रंग बघतो, मग लगेच वास घेतो, कारण वास पटकन उडतो. मग एक छोटा घोट. लोण्यासारखा वास आला, कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा आला, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला, तर प्रत्येकाचं कारण वेगळं. ओला पुठ्ठा म्हणजे माल शिळा, हवा लागलेला. घोट गिळल्यावर तो थांबतो आणि स्वतःला विचारतो, ‘अजून एक घ्यावासा वाटतोय का?’

बघा, हा प्रश्न आपण आपल्या मालाबद्दल विचारतच नाही. प्रदर्शनात स्टॉल लावतो, चमचाभर सॅम्पल देतो, समोरचा म्हणतो ‘वा, झकास!’ आणि आपण खूश. मग पुढच्या वेळी तिखट वाढवतो, साखर वाढवतो, तूप वाढवतो, कारण चमचाभर चवीला जोरदार माल जिंकतो. पण घरी नेल्यावर अर्धं पाकीट तसंच पडून राहतं. माझं सांगणं एवढंच, की सॅम्पलवरच्या ‘वा’वर बायकोचे दागिने गहाण ठेवू नका, लोनही काढू नका. लोन फेडणारं गिऱ्हाईक हे दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक असतं.

पण हलकं म्हणजे फिकं नव्हे, इथे गल्लत करू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फाउंडर्स नावाची ब्रुअरी १९९७ साली सुरू झाली. सुरुवातीला त्यांनी कोणाचीच तक्रार येणार नाही अशा साध्यासुध्या बिअर बनवल्या आणि कंपनी दिवाळखोरीच्या दारात आली. मग मालकांनी स्वतःला आवडतील अशा दमदार बिअर काढल्या, नाव झालं. त्यानंतर त्यांनी हलकी ‘ऑल डे आयपीए’ आणली. आयपीए म्हणजे पेल एलचंच जास्त हॉप्सवालं भावंड. अल्कोहोल ४.७ टक्के, पण वास आणि ओळख पक्की. तीच त्यांची सर्वात जास्त खपणारी बिअर ठरली. सुरुवातीच्या बिअरमध्ये लक्षात राहावं असं काही नव्हतं. हिच्यात होतं, आणि वर दुसरा ग्लास घ्यायलाही जागा होती.

मग तुम्ही काय करायचं? दोन गोष्टी. पहिली, ब्रुअरीत करतात ती तीन ग्लासांची परीक्षा. रेसिपी बदलली की तीन वाट्या ठेवा. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत वेगळा. नऊ जणांना ‘वेगळी कोणती?’ एवढंच विचारा. नुसत्या अंदाजाने साधारण तीन जण बरोबर येतीलच. तेवढेच आले, तर तुमचा महागडा बदल बहुतेकांना कळलेलाच नाही. तो खर्च वाचवा.

दुसरी, सॅम्पल चमचाभर देऊ नका. दहा घरांत पूर्ण पाकीट द्या, आठवड्याने जा आणि ‘कसं वाटलं?’ विचारूच नका. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. डबा उघडून बघा, किती उरलंय. आणि मग पूर्ण किंमत सांगून विचारा, ‘दुसरं देऊ का?’

पैसे काढून दिले, तर ते तुमचं खरं मार्केट. चला, कामाला लागा.