उमेदवारांची यशोगाथा

मराठी वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत गेली काही वर्षे एक वाङ्मयप्रकार जोमाने फोफावला आहे. समीक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेलेले नाही, पण विद्यार्थी आपल्या नेमलेल्या कादंबऱ्यांपेक्षा तोच अधिक आस्थेने वाचतात. त्या प्रकाराचे नाव यशोगाथा. तिचे पनवेली रूप साधारण असे असते. मुलगा वाणिज्य शाखेचा. पहिल्या वर्षाच्या सुटीत तो गावातल्या एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात इंटर्नशिप करतो, दुसऱ्या वर्षी एखाद्या दलाली पेढीत, तिसऱ्या वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत. मग तिथेच त्याला नोकरी लागते. शेवटच्या परिच्छेदात तो आईवडिलांचे आभार मानतो आणि धाकट्यांना सांगतो की मिळेल ती इंटर्नशिप सोडू नका, पैशांकडे पाहू नका.

ही गोष्ट कुणा एकाची नाही, म्हणून तिच्यातल्या मुलाशी आमचे भांडण नाही. त्याने कष्ट केले, त्याला फळ मिळाले, आनंद आहे. आमचे भांडण त्या ‘पैशांकडे पाहू नका’ या उपदेशाशी आहे. ज्याने पैशांचा हिशेब ठेवण्याचा व्यवसाय पत्करायचा, त्यालाच पहिला धडा पैशांकडे न पाहण्याचा द्यावा, ही विसंगती एखाद्या प्रहसनकाराच्या नजरेतून सुटली नसती. आपण साहित्याचे लोक मात्र ती गंभीरपणे ऐकून घेतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू. तेवढा अधिकार आपल्याला आहे. ‘इंटर्नशिप’ला मराठीत शब्द नाही अशी तक्रार ऐकू येते. वैद्यकीय शिक्षणात ‘आंतरवासिता’ रूढ आहे, पण त्याच्याही आधीपासून आपल्याकडे एक अस्सल शब्द आहे: उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. जुन्या कचेऱ्यांतला उमेदवार मात्र निराळा होता. जागा रिकामी होईल या आशेवर तो बिनपगारी लेखणी झिजवी, साहेबाच्या आणि शिरस्तेदाराच्या मर्जीवर जगे. त्याच्या नावातच उमेद होती, कारण तिच्याखेरीज त्याच्या पदरात दुसरे काही पडत नसे. स्वतंत्र भारताने १९६१ साली कारखान्यांतल्या शिकाऊंसाठी कायदा केला, तेव्हा मराठीत त्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ म्हटले गेले. शब्द जुनाच होता, पण आता त्याच्यामागे विद्यावेतनाचे बंधन उभे राहिले. आयटीआयमधून बाहेर पडून यंत्रावर शिकणाऱ्या मुलाला काही तरी द्यावेच लागते, असे हा कायदा सांगतो. वित्तसंस्थेतल्या मुलाला ‘शिकाऊ उमेदवार’ न म्हणता ‘इंटर्न’ म्हटले की हे बंधन गळून पडते. एका शब्दाने इतके काम केल्याचे उदाहरण आमच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत विरळा.

थोडे आणखी मागे जाऊ. नारदस्मृतीत सेवा करणाऱ्यांचे प्रकार सांगताना शिष्य, अंतेवासी आणि भृतक असा भेद केलेला आहे. शिष्य वेद शिकणारा, अंतेवासी कारागिरी शिकणारा, भृतक मजुरीवर काम करणारा. अंतेवासीबद्दल स्मृती म्हणते की आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालून शिकवावे, शिकवायच्या कामाखेरीज दुसरे काम सांगू नये आणि मुलासारखे वागवावे. ती स्मृती काही कामगारांची सनद नव्हे. मुदत संपेपर्यंत अंतेवासीच्या कामाचे फळ ती गुरूच्याच पदरात टाकते. तरीही तिला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या: शिकणाऱ्याला अन्न लागते, आणि शिकवणे व राबवून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आजच्या इंटर्नला नाव मिळाले अंतेवासीचे, काम मिळाले भृतकाचे. अंतेवासीचे जेवण आणि भृतकाची मजुरी मात्र दोन्ही वाटेत कुठे तरी गहाळ झाली.

आता त्या मुलाचा दिवस पाहू. पनवेलला हार्बरची लोकल सुरू होते, म्हणून सकाळी त्याला बसायला जागा मिळते. एवढे एक भाग्य. पण तो पेणहून वा उरणच्या एखाद्या गावातून आलेला असेल, तर पनवेलला पोहोचेपर्यंतच त्याचा अर्धा प्रवास झालेला असतो. कुर्ल्याला उतरून बस वा शेअर रिक्षा. कार्यालयात व्हाउचरे तपासणे, बँकेच्या खात्याचा ताळमेळ घालणे, केवायसीच्या फायली लावणे, साहेबाच्या सादरीकरणातले रकाने सरळ करणे. यातले पहिले दोन आठवडे शिक्षण असते हे आम्ही मान्य करतो. व्हाउचर हाताळल्याशिवाय लेखापरीक्षण कळत नाही, जसे हस्तलिखित हाताळल्याशिवाय पाठचिकित्सा कळत नाही. पण तिसऱ्या महिन्यात तेच व्हाउचर तपासणारा मुलगा शिकत नसतो. ज्या कामासाठी एरवी पगारी कारकून नेमावा लागला असता, ते काम तो करत असतो. पास, डबा, एक बरा सदरा आणि बुटांचा जोड हा खर्च त्याच्या घरून येतो. म्हणजे पनवेलचे एक घर दरमहा वांद्र्याच्या एका पेढीला अनुदान देत असते. ज्या घराला ते परवडत नाही, त्या घरातला मुलगा संध्याकाळी दुकानात उभा राहतो किंवा घरोघर पार्सले पोहोचवतो. त्या कामाचे प्रमाणपत्र कुणी देत नाही. पुढे मुलाखतीत विचारतात, ‘तुमचा अनुभव काय?’, आणि तो गप्प बसतो. यशोगाथेत हा मुलगा कधीच येत नाही. गुणवत्तेची निवड झाली असे जिथे म्हटले जाते, तिथे पुष्कळदा निवड झालेली असते ती बिनपगारी राहण्याच्या ऐपतीची.

यावर उत्तर येईल की हे सारे जगभर असेच चालते, आणि सनदी लेखापालाची आर्टिकलशिप तरी दुसरे काय आहे? हा आक्षेप रास्त आहे, म्हणून तो टाळणार नाही. आर्टिकलशिपमध्ये राबवून घेणे होते हे कोण नाकारील? पण तिला मुदत आहे (२०२३ च्या नव्या योजनेपासून ती दोन वर्षांची झाली), नोंदणी आहे, आणि कितीही तुटपुंजे असले तरी नियमाने ठरलेले विद्यावेतन आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही महिना पाच हजार रुपये ठरवले गेले. त्यातले साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीचे, हा वाटा कुणाच्या सोयीचा ते वाचकांनीच ठरवावे. तरीही इंटर्नला काही द्यावे लागते हे तत्त्व त्यात मान्य झाले. तत्त्व सरकारला कळते, नियमाने बांधलेल्या व्यवसायाला कळते. मग ते विद्यापीठाला का कळू नये?

आता आम्ही आपल्याच घराकडे वळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट आली, तिच्यात पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. एम.ए. मराठीचा विद्यार्थीही त्यातून सुटलेला नाही. तेव्हा ‘वाणिज्यवाल्यांचे ते पाहतील’ असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. प्रमाणपत्रावर सही आपली असते. मुलाने काय केले, काय शिकला, त्याला काय मिळाले, यातले काहीही न विचारता आपण शिक्का मारतो, आणि त्या शिक्क्याने बिनपगारी काम ‘शिक्षण’ ठरते. जुन्या उमेदवाराला निदान आपण शिकतो आहोत असे कुणी भासवत नव्हते.

आणि हे कुठे चालले आहे? पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयाची संस्था ‘रयत’ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली तिची स्थापना केली. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. गरीब मुलाने कष्ट करावेत आणि त्या कष्टांचे मोल म्हणून त्याला शिक्षण मिळावे, इतका सरळ तो व्यवहार होता. आपण त्या दोन क्रियापदांतले पहिले खोडले आणि उरलेल्यालाही अवतरणचिन्हांत घातले.

त्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. आपण तो सामाजिक जाणिवेचा ग्रंथ म्हणून शिकवतो. पण तो वाचनाचाही ग्रंथ आहे. कचेरीतला कागद कोण लिहितो, त्यात निरक्षर शेतकरी कसा गुंडाळला जातो, हे जोतीराव दाखवतात. ही नजर वित्तक्षेत्रात जाणाऱ्या मुलाला कोण देणार? पनवेलने तिची किंमत मोजलेली आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बनावट कर्जखात्यांच्या आरोपांवरून गुन्हे दाखल झाले, आणि पाच लाखांच्या विम्यावर ज्यांची ठेव होती त्यांच्या घरांत काय झाले ते या गावाला ठाऊक आहे. बँकेचे ताळेबंद दरवर्षी छापले जात होते. ते वाचणे म्हणजे काय, हे शिकण्यासारखी दुसरी इंटर्नशिप नाही. पनवेलजवळच पाताळगंगेला सेबीच्या रोखे बाजार संस्थेचे संकुल डिसेंबर २०१६ पासून उभे आहे. वित्ताचे शिक्षण गावाच्या दारी आले, तरी मुलाची वाट मात्र रकाने सरळ करायलाच जाते.

आमचे मागणे मोठे नाही. जिथे विद्यावेतन नाही तिथल्या कामाला श्रेयांक देऊ नयेत. निदान प्रवास आणि जेवण यांचा खर्च घेतल्याशिवाय विभागाने सही करू नये. विद्यार्थ्याने द्यायचा अहवाल कंपनीच्या ठरीव नमुन्यात नसावा, त्याने तो स्वतःच्या भाषेत लिहावा, आणि त्यात ‘मला काय शिकवले’ आणि ‘माझ्याकडून काय करून घेतले’ असे दोन वेगळे रकाने असावेत. दहा वर्षे असे अहवाल जमले, तर मराठीला जी कादंबरी अजून मिळालेली नाही तिचा कच्चा माल तरी साठेल.

पनवेलजवळच्या शिरढोणचा एक मुलगा पूर्वी हिशेबाच्या नोकरीत गेला होता. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात तो कारकून होता. आई आजारी असल्याचे कळले तेव्हा त्याला रजा नाकारली गेली, आणि तिची अखेरची भेट हुकली. वासुदेव बळवंत फडक्यांची ही कथा आपण शाळेत देशभक्तीचा धडा म्हणून वाचली. ती एका कारकुनाच्या रजेच्या अर्जाचीही कथा आहे हे आपल्याला कुणी सांगितले नाही. प्रत्येक इंटर्नने बंड करावे असे आम्ही म्हणत नाही. पण सायंकाळच्या गाडीने उभ्याने पनवेलला परतणाऱ्या मुलाने आपल्या दिवसाचा हिशेब मांडला, तर तो चुकीचा आहे असे त्याला निदान त्याच्या मराठीच्या शिक्षकाने तरी सांगू नये.