दहावीचा निकाल पहिलीतच लागतो

बाबा आमटे यांनी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना आधी उभा राहिला, आश्रमशाळा १९७६ मध्ये आली. हा क्रम बोलका आहे. दुखणे बरे करणाऱ्यांवर विश्वास बसला, म्हणूनच माडिया आईबापांनी मुले त्यांच्या स्वाधीन केली.

तो त्याग लहान नव्हता. मोहफुले वेचणारे, गुरे राखणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल शाळेत गेले की घरातले दोन हात कमी होतात. शाळेची खरी किंमत फीमध्ये नसून या बुडालेल्या श्रमांत असते. अन्न, वस्त्र आणि निवारा पुरवून आश्रमशाळेने तिचा काही भार उचलला, हे मान्य केले पाहिजे.

मात्र अनुदानाच्या हिशेबात न बसणारी आणखी एक किंमत आहे, ती भाषेची. माडिया ही द्राविडी कुळातील भाषा, पाठ्यपुस्तक मराठीत. पहिलीतल्या मुलाला भाषा आणि विषय दोन्ही एकदमच शिकावे लागतात. पाठांतराच्या बळावर प्राथमिक इयत्ता निभावतात. आठवीत बीजगणित आणि विज्ञान समोर आले की पाया कच्चा असल्याचे उघड होते. गळतीची नोंद माध्यमिक शाळेच्या नावावर होते, मूळ मात्र पहिलीत असते. हेमलकशाच्या विद्यार्थ्यांतून डॉक्टर, वकील आणि शिक्षक निपजले आहेत. तेव्हा उणीव बुद्धीची नाही, हे उघड आहे.

मातृभाषेत शिकल्यास मुले नोकरीच्या बाजारात मागे पडतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु मराठी-इंग्रजी नाकारावी, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न केवळ प्रारंभ कोठून करावयाचा, एवढाच आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी, असे म्हटले आहे. असे असताना धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये काढलेली गोंडी माध्यमाची शाळा २०२२ मध्ये मान्यतेअभावी बेकायदा ठरवण्यात आली. कायद्याचे आश्वासन ज्यांनी स्वतःहून अमलात आणले, त्यांच्यावरच कायद्याचा बडगा उगारला गेला.

पहिल्या तीन इयत्तांना माडिया-गोंडी जाणणारे शिक्षक आणि त्या भाषांतील पुस्तके देण्यास खर्च येईल, हे खरे. पण आठवीत मूल घरी परतले की त्याच्यावरचा सात वर्षांचा खर्चही बऱ्याच अंशी वाया जातो. शासनाने हे दोन्ही आकडे एकदा शेजारी मांडून पाहावेत.