परदेशाची वाट ग्रामपंचायतीतून

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावचा तरुण परदेशी स्थायिक होण्यास निघतो, तेव्हा परक्या कचेऱ्यांचा जाच तिकडे पोहोचल्यावर सुरू होईल, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो गावातच सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जन्माची नोंद नसली, किंवा दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरेच नाव असले, की पुढचे सारे अडते.

भारत २००५ मध्ये हेग करारात सामील झाला. परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का त्यामुळे अनेक देशांत चालतो. परंतु हा शिक्का सही खरी असल्याचे सांगतो, मजकुराची हमी देत नाही. जर्मनीने तर भारताच्या प्रवेशालाच हरकत घेतली. तिचा दूतावास मूळ नोंदवहीची पडताळणी करवितो, म्हणजे प्रश्न फिरून ग्रामपंचायतीतच येतो!

वर्षानंतरच्या नोंदीचे आदेश देण्याचा अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने जिल्हा व उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आला. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्याने नियम कडक केले, ते योग्यच. मात्र लबाडाला आडवाट सापडते; हेलपाटे पडतात प्रामाणिकाला. नावातील किरकोळ चुका तरी शासनाने गावोगावी शिबिरे भरवून, ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून द्याव्यात.