चार्ज देताना जंगलही मोजून द्या

वनखात्यातला अधिकारी बदलून जातो तेव्हा चार्ज देण्याघेण्याचा कागद होतो. आगारात लाकूड किती, जप्तीच्या गाड्या किती, रोख किती, सगळे मोजून सह्या होतात. एखादा सागवानी ओंडका कमी भरला तर खुलासा द्यावा लागतो. ज्या जंगलासाठी हे खाते उभे आहे त्याच्या अवस्थेचा हिशेब मात्र जाणारा देत नाही आणि येणारा मागत नाही. म्हणून जंगल तुटते, पण ते कुणाच्याच कारकिर्दीत तुटत नाही. ही बेजबाबदारी खात्याने सोयीसाठी जपली आहे, असा माझा थेट आरोप आहे.

यावर भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल पुढे केले जातात. १९८७ पासून ते साधारण दर दोन वर्षांनी येतात आणि ‘वनाच्छादन वाढले’ अशी बातमी छापून येते. त्या वनाच्छादनाची व्याख्या किती जण वाचतात? एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि झाडांच्या छायेची घनता किमान १० टक्के, एवढे जमले की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कोणते, याला महत्त्व नाही. आमराई, काजूची बाग, रबराची लागवड, सगळे त्यात बसते. देशाची एकूण हिरवाई सांगायला ही व्याख्या चालेल. अधिकाऱ्याने जंगल राखले की घालवले, हे तिच्यातून कळूच शकत नाही.

दोडामार्ग-सावंतवाडीचा पट्टा घ्या. गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील जंगलांना राधानगरी-चांदोलीच्या जंगलाशी जोडणारा हा वाघाचा भ्रमणमार्ग. इथल्या डोंगरांवर रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी जुनी झाडे उतरवली गेली. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई केली. तरी तोड चालूच राहिली आणि २५ गावांना पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवा, असे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला सरकारला बजावावे लागले. रबर पाच-सात वर्षांत छत्री धरते. उपग्रहाच्या चित्रात पुन्हा हिरवे दिसते आणि आकडा भरून निघतो. ऐन, किंजळ, धनेशाच्या ढोलीची जुनी झाडे, त्यांखालचा ओलावा यांतले काहीही परतलेले नसते.

दोडामार्ग तालुक्यातच हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. अडीच हेक्टरच्या आसपास जागा, गावाने देवराई म्हणून राखलेली. राज्याच्या बेरजेत तिची किंमत शून्यवत. पण तिचे पाणी वरच्या उतारावरून येते आणि तिच्या बिया धनेशासारखे मोठे पक्षी नेतात. वरचा उतार सोलला, शेजारचे जंगल तुटले, तर दलदलीच्या एका झाडालाही कुऱ्हाड न लावता ती मरेल.

एखादा तुकडा कुणाच्या शेजारी आहे, कशाला जोडलेला आहे, याचा अभ्यास म्हणजे लँडस्केप इकॉलॉजी. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या अभ्यासातून ही संज्ञा वापरात आणली. तिचे साधे गणित प्रत्येक वनसंरक्षकाच्या टेबलावर असायला हवे. १०० हेक्टरचे चौरस जंगल घ्या. कडेपासून १०० मीटर आतपर्यंत ऊन, कोरडा वारा, वणवा, घाणेरी, रानमोडी, भटकी कुत्री घुसतात असे धरा. मग आतले खरे शांत जंगल, म्हणजे गाभा, उरते ६४ हेक्टर. त्याच जंगलाचे चार सारखे, एकमेकांपासून सुटलेले चौरस तुकडे करा: एकूण क्षेत्र १००च, पण गाभा ३६. सोळा तुकडे करा: क्षेत्र तरीही १००, गाभा ४ हेक्टर. भाकरीचे तुकडे केले तरी भाकरी तेवढीच राहते. जंगलाचे तसे नाही. अहवालात १०० चे १०० दाखवणारा अधिकारी प्रत्यक्षात ६० हेक्टर गाभा गमावून बढतीवर जाऊ शकतो.

हिशेब तपासणारेही हेक्टर आणि रुपयांतच अडकले आहेत. पर्यायी वनीकरणावरच्या महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने खात्याची लाज काढली होती. २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली २८ हजार. वनीकरण झाले जेमतेम ७ हजारांवर. हे उघड केले ते चांगलेच झाले. पण ते सात हजार हेक्टर कुठे आहेत? तुटलेले दोन तुकडे त्यांनी जोडले की माळरानावरच्या गवताचा बळी घेतला? हा प्रश्न विचारल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीतही मोजली गेली ती रोपेच.

नकाशा पाहून काम केले तर काय होते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूर-शिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करताना लोकांनी न्यायालयात भांडून रस्ता जागोजागी उचलायला लावला. सुमारे १६ किलोमीटरमध्ये प्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी नऊ मार्गिका, सर्वांत लांब ७५० मीटरची. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्यांखालून जाणाऱ्या १८ प्रजाती टिपल्या गेल्या, वेगवेगळे ११ वाघ त्यांत होते. हे घडायला कज्जा का लागला, याचे उत्तर खात्याने द्यावे.

‘जमीन खासगी, दबाव वरून, आम्ही काय करणार?’ हे उत्तर मी पुष्कळ ऐकले आहे. सिंधुदुर्गात बरेचसे जंगल खासगी आहे, हे खरे. पण खासगी जमिनीवरही तोडीच्या परवानगीचा कायदा १९६४ पासून आहे आणि त्या परवानगीवर सही असते. दबाव आला असेल तर तोही नोंदवा. प्रामाणिक वनरक्षकाला जंगलाच्या अशा हिशेबाची भीती नाही. उलट त्याने वाचवलेला गाभा पहिल्यांदाच कागदावर येईल.

माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक उपवनसंरक्षकाने चार्ज घेताना आणि देताना त्या विभागाचे चार आकडे नकाशासह द्यावेत: सर्वांत मोठ्या सलग तुकड्याचे क्षेत्र, गाभ्याचे क्षेत्र, तुटलेल्या-जुळलेल्या जोडण्या, आणि लागवड वगळून उरलेले नैसर्गिक जंगल. फरक त्याच्या गोपनीय अहवालात जावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिलाच आहे. तंत्र नाही, पैसा नाही, ही सबब चालणार नाही. १० मीटरपर्यंत तपशील दाखवणारी उपग्रहचित्रे २०१५ पासून फुकट मिळतात.

सुरुवात त्या २५ गावांपासून करा. २०१३ पासून तिथे कोणकोण अधिकारी होते याची यादी खात्याकडे आहे. वर्षावर्षाची चित्रेही आहेत. दोन्ही एका तक्त्यात मांडा आणि तो तक्ता दोडामार्गच्या तहसील कचेरीबाहेर लावा.