विश्लेषण : अलास्कातील पावसाळी बेटांवर दरडी का कोसळताहेत?

अलास्का म्हटले की बर्फ डोळ्यांसमोर येतो. पण या अमेरिकी राज्याच्या आग्नेय भागातील बेटांवर सध्या धास्ती आहे ती पावसाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये रँगल बेटावर दरड कोसळून सहा जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केचिकन शहरात अशाच दुर्घटनेत एका पालिका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. या धोक्याकडे गांभीर्याने पाहायला भाग पाडले ते मात्र बॅरॅनॉफ बेटावरील सिटका या शहराने.

सिटकामध्ये काय घडले?

१८ ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी काही तासांच्या मुसळधार पावसाने परिसरात ४०हून अधिक दरडी कोसळल्या. एक दरड नव्या वसाहतीत शिरली. तिथे घराचे काम करणारे दोघे भाऊ आणि शहराचे इमारत निरीक्षक ढिगाऱ्याखाली गेले.

इथे इतका पाऊस का?

पॅसिफिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे थेट बेटावरील डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. शाळेत शिकलेला ‘प्रतिरोध पाऊस’ तो हाच. बॅरॅनॉफवरील सर्वांत उंच शिखर १,६०० मीटरहून उंच आहे आणि डोंगर जवळजवळ समुद्रातूनच उभे राहतात. सिटकात वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. याच बेटाच्या दक्षिणेकडील लिटल पोर्ट वॉल्टर येथे तो ५,५०० मिलिमीटरच्याही पुढे जातो. सिटका ५७ अंश उत्तर अक्षांशावर असले तरी समुद्रामुळे हिवाळा तुलनेने सौम्य असतो. त्यामुळे किनाऱ्यालगत बर्फापेक्षा पाऊसच जास्त.

मग दरडी आताच का?

दरडी इथे नव्या नाहीत. हिमनद्यांनी तासलेले तीव्र उतार, त्यावर मातीचा पातळ थर आणि खाली कठीण खडक. सिटकाजवळ या मातीत माउंट एजकम्ब ज्वालामुखीची जुनी राखही मिसळलेली आहे. ती पाणी धरून ठेवते. थोड्या वेळात खूप पाऊस झाला की थर सुटतो आणि झाडांसकट खाली येतो. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते. त्यामुळे अशा जोरदार सरी वाढण्याची चिंता शास्त्रज्ञांना आहे.

लोक दुसरीकडे का जात नाहीत?

जाणार कुठे? सिटकाला बाहेरून रस्ता नाही. ये-जा विमानाने किंवा बोटीने. साडेआठ हजारांच्या आसपास लोकसंख्येचे हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यातील चिंचोळ्या पट्टीत वसले आहे. सपाट जमीन संपली की नवी घरे उताराकडे सरकतात. धोक्याचे नकाशे जाहीर करणेही सोपे नाही. घर लाल पट्ट्यात आले, तर गृहकर्ज आणि विम्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो. नकाशा दडवला, तर जिवाला धोका.

उपाय काय निघाला?

स्थानिक विज्ञान केंद्र, संशोधक, हवामान खाते आणि मूळ रहिवासी ट्लिंगिट समाजाची संस्था यांनी मिळून इशारा यंत्रणा उभारली. तीन तासांत किती पाऊस पडेल, या अंदाजावरून संकेतस्थळावर धोका कमी, मध्यम की जास्त ते दिसते. घर सोडायचे की नाही, हे रहिवासी स्वतः ठरवतात. मात्र एका गावाचे गणित दुसऱ्या गावाला जसेच्या तसे लागू पडत नाही. माती, उतार, वारा, वितळणारा बर्फ सगळेच बदलते. म्हणून प्रत्येक गावासाठी पर्जन्यमापके आणि जुन्या दरडींच्या नोंदी लागतात.

आपल्यासाठी यात काय?

माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इरशाळवाडी (२०२३) या दुर्घटनाही मुसळधार पावसातच घडल्या. सह्याद्रीची माती आणि खडक वेगळे आहेत, त्यामुळे सिटकाचे आकडे इथे चालणार नाहीत. पण जिल्ह्याला ‘रेड अलर्ट’ आणि वाडीला नेमका इशारा यांतले अंतर दोन्हीकडे सारखेच. सिटकाने ते कमी करायला सुरुवात केली, तीही तीन जीव गेल्यानंतर.